वन्संचे कॅल्शियम आणि आमचे घराणे

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या वारज्याच्या सोसायटीत एका रविवारी रक्ततपासणीचे शिबिर भरले होते. तिघांनी तपासून घेतले तर चौथ्याची तपासणी अर्ध्या दरात! आता अर्ध्या दरात म्हटल्यावर आपण बायका मागे राहतो थोड्याच? मी, आमचे हे आणि माझी जाऊ असे तिघे रांगेत उभे राहिलो. चौथे नाव सासूबाईंचे घालायचे होते. पण त्यांनी साफ नकार दिला. "मला काय धाड भरलीय? बहात्तर वर्षांत दवाखान्याची पायरी चढले ती बाळंतपणांसाठीच!" मग त्यांच्या जागी भाऊबीजेला आलेल्या वन्संचा नंबर लागला.

दोन दिवसांनी अहवाल आले. आम्हां तिघांचे बरे होते. वन्संच्या कागदावर मात्र एका आकड्यापुढे काळा ठिपका होता. कॅल्शियम १०.९. प्रयोगशाळेच्या हिशेबाने ते साधारण ८.५ ते १०.५ च्या दरम्यान हवे.

आपल्याला कॅल्शियम कमी असल्याची सवय! चाळिशी ओलांडली की गुडघे बोलू लागतात, मग दूध घ्या, नाचणी खा, गोळ्या घ्या. 'कॅल्शियम जास्त' ही तक्रार आमच्या घरात कुणी ऐकलीच नव्हती. मग काय, ज्याचा त्याचा निष्कर्ष सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "बोअरच्या पाण्याचा प्रताप. नळाला बघ कसा पांढरा थर बसतो!" जाऊबाईंना जेवणानंतरच्या विड्यातला चुना आठवला. वन्संनी त्या दिवसापासून दूध, दही, नाचणी सगळे बंद करून टाकले.

यातले काही खरे नव्हते. खाऱ्या पाण्याने नळाला थर बसतो, रक्ताला नाही. आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम आत घेते. चुन्याचे म्हणाल, तर तो अतोनात खाल्ला तर खरोखरच बाधतो. तैवानमध्ये शिंपल्यांचा चुना लावलेली सुपारी सतत चघळणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. पण जेवणानंतरच्या एका विड्याला लावलेल्या बोटभर चुन्याने काही होत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली

वन्सं आपल्या गावी परतल्या आणि तिथल्या डॉक्टरांना भेटल्या. पुन्हा रक्त तपासले, कॅल्शियम तेवढेच. मग पॅराथायरॉइडच्या हार्मोनची तपासणी झाली. गळ्यात थायरॉइडच्या मागे तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. मराठी पुस्तकांत त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. रक्तातल्या कॅल्शियमचा सगळा कारभार त्यांच्या हाती. कॅल्शियम वाढले की त्यांनी आपला हार्मोन कमी करायला हवा. वन्संचा हार्मोन मात्र कमी झाला नव्हता. याचा नेहमीचा अर्थ असा, की चारांपैकी एखाद्या ग्रंथीत गाठ झाली आहे आणि ती कुणाचे न ऐकता हार्मोन सोडते आहे. अशी गाठ बहुधा साधी असते, कर्करोगाची क्वचितच. उपाय म्हणजे ती ग्रंथी काढून टाकणे. स्कॅनमध्ये नक्की काही दिसले नाही. तरी गळा उघडून चारही ग्रंथी पाहू, असे ठरले आणि तारीख मिळाली.

वन्संचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "गळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे आवाजाची शीर जवळच असते म्हणे. जाऊ ना गं मी सुखरूप बाहेर?"

मी त्यांना म्हटले, "वन्सं, चार दिवस इकडे या. आपल्या डॉक्टरांना एकदा कागद दाखवू."

आमच्या डॉक्टरांनी फाइल चाळली, चष्मा काढला आणि भलताच प्रश्न विचारला. "तुमच्या आईंचं कॅल्शियम कधी पाहिलंय का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. शस्त्रक्रिया लेकीची आणि रक्त आईचे! पण तो एक प्रश्न विचारला गेला नसता, तर वन्संच्या गळ्यावर कायमची खूण राहिली असती आणि कॅल्शियम जिथल्या तिथेच राहिले असते.

टाकीतला चेंडू

सासूबाईंना राजी करायला दोन दिवस लागले. शेवटी लेकीसाठी म्हणून त्यांनी हात पुढे केला. त्यांचे कॅल्शियम निघाले ११. ना कधी मुतखडा, ना हाड मोडलेले, ना अंथरूण धरलेले. कित्येक वर्षे हे कॅल्शियम अंगात घेऊन त्या पापड लाटत होत्या! मग मोठ्या भाऊजींचे रक्त पाहिले. तेही १०.८. आमच्या ह्यांचे शिबिरातच ९.४ आले होते, म्हणजे बरोबर. जाऊबाई आणि मी तर बाहेरून आलेल्या, आमचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी जे सांगितले ते मला समजले ते आमच्या गच्चीवरच्या टाकीमुळे. टाकीत एक चेंडू तरंगत असतो. पाणी वर आले की तोही वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की नळ उघडतो. आपल्या ग्रंथींवरही असाच एक चेंडू असतो, रक्तातले कॅल्शियम ओळखणारा. या संवेदकाचा नमुना एका जनुकात लिहिलेला असतो आणि ते जनुक आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे.

आता टाकीच्या चेंडूची दांडी जरा वर वाकलेली असेल तर काय होईल? पाणी नेहमीपेक्षा चार बोटे वर येईल आणि मग नळ बंद होईल. टाकी भरून वाहणार नाही, फक्त पातळी वरची राहील. वन्संच्या, सासूबाईंच्या, भाऊजींच्या अंगात हेच झाले आहे. जनुकातल्या एका बदलामुळे त्यांचा संवेदक जरा मंद आहे. कॅल्शियम थोडे जास्त झाल्यावरच त्याला ते कळते.

गाठ झाली तर गोष्ट वेगळी. तिथे नळच बिघडलेला असतो, तो बदलला की काम झाले. आमच्याकडे मात्र चारही नळ धड होते आणि चारही दांड्या जन्मापासून वाकलेल्या! एखादी ग्रंथी काढली असती तर उरलेल्यांनी पातळी पुन्हा तिथेच आणली असती. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला असता.

मग ओळखायचे कसे? रक्ताचे कागद तर दोन्हींत सारखेच दिसतात. उत्तर लघवीत आहे. तोच संवेदक मूत्रपिंडातही असतो. तिथेही तो मंद असल्याने मूत्रपिंडाला वाटते की कॅल्शियम कमीच आहे आणि ते चिकट गृहिणीसारखे सगळे धरून ठेवते. म्हणून रक्तात कॅल्शियम जास्त असूनही लघवीत अगदी कमी! गाठीच्या आजारात बहुधा याच्या उलट, लघवीतही जास्त जाते आणि मुतखडे होतात.

त्यासाठी चोवीस तासांची लघवी साठवावी लागते. सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची, तिथून वेळ धरायची आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची शेवटची घ्यायची. प्रयोगशाळेने दिलेला पाच लिटरचा कॅन न्हाणीघरात ठेवला, तर आमच्या धाकट्याने विचारले, "आत्या, तू फिनेल आणलंस?" हसून हसून पुरेवाट झाली. त्या आजारपणात वन्सं हसल्या त्या तेव्हाच पहिल्यांदा.

एक पायरी मात्र त्याआधीची. वन्संचे ड जीवनसत्त्व कमी होते. ते कमी असले की लघवीतले कॅल्शियम तसेही घटते आणि हिशेब फसतो. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, म्हणून हे आधी पाहावे लागते. रक्तदाबाच्या थायझाइड जातीच्या गोळ्यांनीही तसेच होते. डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली ड जीवनसत्त्व भरून काढले, गोळी बदलली आणि मग कॅन भरायला सांगितला. त्याच वेळी रक्तही दिले, कारण कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्हींकडे पाहून एक प्रमाण काढतात. ते ०.०१ च्या खाली असले तर घराण्याचा प्रकार असण्याची शक्यता जास्त, ०.०२ च्या वर असले तर गाठीची. मधले संशयाचे. वन्संचे ०.००६ आले. पुढे जनुकाचीही तपासणी झाली आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा तो बदल सापडला. शस्त्रक्रिया रद्द!

गेंड्यापासून गाईपर्यंत

मी शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा इतिहास शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक गेंडा मेला, तोही आपल्या भारतातून नेलेला. त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेली एक लहानशी पिवळसर ग्रंथी दिसली. माणसात त्या ग्रंथी आहेत हे १८८० साली स्वीडनमधल्या इवार सँडस्ट्रॉम यांनी लिहिले. एका घराण्यात पिढ्यान्पिढ्या कॅल्शियम वाढलेले असते आणि तरी माणसे धडधाकट असतात, हे १९७२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवले. कॅल्शियम ओळखणारा संवेदक १९९३ साली सापडला, आणि तो कुठे? गाईच्या पॅराथायरॉइड ग्रंथीत! बॉस्टनच्या एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांचे हे काम. अशा घराण्यांत याच संवेदकाच्या जनुकात बदल असतो, हेही त्याच वर्षी सिद्ध झाले. काही घराण्यांत मात्र तो सापडेना. तेव्हा २०१३ साली ऑक्सफर्डच्या राजेश ठक्कर यांच्या गटाने एकोणिसाव्या गुणसूत्रावरची आणखी दोन जनुके दाखवून दिली.

"तुमच्या घराण्यातला दोष"

शस्त्रक्रिया टळली, म्हणून पेढे वाटावेत असे मला वाटले होते. पण बायकांचे दुखणे दवाखान्यातून बाहेर पडले की घरात शिरते! वन्संच्या सासरी कुणीसे म्हणाले, "म्हणजे दोष तुमच्या घराण्यातला!" इकडे सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "माझ्यामुळेच ना पोरांना?" एवढेच पुन्हा पुन्हा. आणि खरे सांगू? आमच्या ह्यांना हा बदल नाही, म्हणजे माझ्या मुलांना तो त्यांच्याकडून येणारच नाही, हे कळल्यावर मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. लगेच वन्संचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि माझी मलाच लाज वाटली.

हिशेब असा आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. यात एक प्रत बदललेली असली तरी पुरते. ज्याला बदल आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. नाणे उडवावे तसे. सासूबाईंच्या तीन नाण्यांपैकी दोन एका बाजूने पडली, एक दुसऱ्या बाजूने. यात कुणाचे पाप आणि कसला दोष? एक प्रत बदललेली असलेली बहुतेक माणसे जन्मभर ठणठणीत असतात.

पण एक जागा अशी आहे, जिथे बेफिकीर राहून चालत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक घरांत आहे. आमच्याकडेही वन्संचा मुलगा आणि मोठ्या भाऊजींची मुलगी यांचे जमवावे, असे सासूबाईंच्या मनात कैक वर्षांपासून होते. आता बघा, वन्संनाही बदल, भाऊजींनाही बदल. दोघांच्या मुलांकडे तो उतरला असेल आणि त्यांचे लग्न झाले, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला दोन्ही प्रती बदललेल्या मिळण्याची शक्यता चारांत एक. अशा बाळाला मंद का होईना, संवेदक उरतच नाही म्हटले तरी चालेल. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत कॅल्शियम भयंकर चढते, बाळ दूध ओढत नाही, अंग लुळे पडते, हाडे ठिसूळ होऊन मोडतात, श्वास घ्यायला त्रास होतो. औषधांनी सावरून पुष्कळदा चारही ग्रंथी काढाव्या लागतात. वेळेवर ओळखले नाही तर जिवावर बेतते. आजीच्या अंगात मुकाट राहिलेली गोष्ट पणतवंडाच्या जिवावर उठते, ती अशी.

दोघांचे रक्त तपासले. मुलाचे कॅल्शियम वाढलेले निघाले, मुलीचे बरोबर. म्हणजे ही भीती त्यांना नव्हती. तरी नात्यातल्या लग्नात दुसरी जनुकेही सारखी असू शकतात, तेव्हा सल्ला घ्याच, असे डॉक्टरांनी बजावले. आम्ही वडीलधारी गंभीर चेहऱ्याने बसलो होतो. तेवढ्यात माझी पुतणी म्हणाली, "पण आम्हांला कुणी विचारलंय का? आम्ही भावंडांसारखे वाढलोय. आम्हांला नाही करायचं लग्न." मुलगाही हसत मान हलवू लागला. इतक्या वर्षांचा बेत आणि दोन मिनिटांत निकाल!

बाळंतपणाचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आईला बदल असेल आणि बाळाला नसेल, तर पोटात जास्त कॅल्शियमची सवय झालेल्या बाळाच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. जन्मानंतर त्याचे कॅल्शियम एकदम उतरून झटके येऊ शकतात. उलट, वडिलांकडून बाळाला बदल आला आणि आईला नसेल, तर बाळाचे कॅल्शियम काही काळ फार चढू शकते. म्हणून अशा घरातल्या गरोदर बाईने, मग बदल तिला असो की नवऱ्याला, डॉक्टरांना आधीच सांगावे आणि बाळाचे रक्त तपासून घ्यावे. वन्संचा मुलगा उद्या ज्या मुलीशी लग्न करील तिला हे सांगावे लागेल. सांगणार आहोत.

सगळीच घराणी आमच्यासारखी नसतात

एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. 'घराण्यातले आहे ना, मग निरुपद्रवी', असे सरसकट नाही. काही घराण्यांत खरोखरच ग्रंथींना गाठी होतात. एका प्रकारात पॅराथायरॉइडबरोबर स्वादुपिंडात आणि मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतही गाठी येतात. त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि ते १९९७ साली सापडले. दुसऱ्या एका प्रकारात जबड्यात गाठी होतात आणि पॅराथायरॉइडच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून घरात तरुण वयात कॅल्शियम वाढलेले असेल, वारंवार मुतखडे होत असतील, पोटात व्रण किंवा जबड्याला सूज असेल, तर अंगावर काढू नये. तिथे शस्त्रक्रियाच तारते.

आणखी एक प्रकार ड जीवनसत्त्वाचा. ते वापरून झाल्यावर मोडून टाकणारे एक जनुक असते. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर ड जीवनसत्त्व अंगात साठते आणि कॅल्शियम वाढते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये दुधाच्या भुकटीत आणि बाळांच्या खाण्यात ड जीवनसत्त्व भरपूर घालत. तेव्हा काही बाळे यामुळे आजारी पडली आणि प्रमाण कमी करावे लागले. सगळ्यांना तेच दूध, मग हीच बाळे का? त्याचा जनुकातला उलगडा २०११ साली झाला. आपल्याकडे साठ हजार युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. आठवड्याची पुडी रोज घेतली तर निरोगी माणसालाही विषबाधा होते, मग अशा घरातल्यांचे काय?

वहीत लिहून ठेवा

मैत्रिणींनो, रक्तात कॅल्शियम जास्त निघाले तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. तपासणी पुन्हा करून घ्या. आपण घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, टॉनिके डॉक्टरांना दाखवा. दूध आपल्या मनाने बंद करू नका. वन्संच्या प्रकारात त्याने कॅल्शियम उतरत नाही, उलट हाडांची उपासमार होते. खूप तहान, सतत लघवी, उलट्या, गुंगी अशी लक्षणे असतील तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गळ्याच्या शस्त्रक्रियेचे ठरत असेल तर दोन प्रश्न नम्रपणे विचारा: "लघवीतलं कॅल्शियम पाहिलंय का? आणि घरातल्या कुणाचं रक्त तपासायचं का?"

आमच्याकडे सासऱ्यांच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत आहे. मूळ पुरुषापासून मुलग्यांची नावे आहेत. सुना आल्या त्या नुसत्या नावापुरत्या, लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची फांदी तिथेच संपली. सासूबाईंच्या आईचे नाव तर त्यात असण्याचे कारणच नाही. पण आमच्या घरात हे कॅल्शियम आले ते सासूबाईंच्या माहेरून, आणि पुढे गेले ते लेकीबरोबरही. रक्ताला कुलवृत्तांत कळत नाही.

म्हणून मी एक दोनशेपानी वही आणली. सासूबाईंना समोर बसवून त्यांच्या आईचे, मावश्यांचे, बहिणींचे विचारले. कोण कशाने गेले, कुणाला मुतखडा होता, कुणाची तान्ही बाळे गेली. सांगता सांगता त्या थांबल्या. त्यांच्या आईच्या चुलत बहिणीने आत्याच्या मुलाशी लग्न केले होते. तिची दोन बाळे महिन्याच्या आत गेली होती. "दूधच ओढायची नाहीत गं. सगळे म्हणायचे, दृष्ट लागली."

ती बाळे कशाने गेली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी त्या दोन बाळांसाठी वहीत दोन ओळी सोडल्या. नावे सासूबाईंना आठवत नव्हती. बहुधा ठेवलीच नसावीत.